नाचली की नाचवली?



नोव्हेंबर २०२३ मध्ये भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात एका गावी मंडईनिमित्त ‘डान्स हंगामा’ नावाचा कार्यक्रम झाला. स्टेजवर नर्तकी विवस्त्र नाचत असल्याची चित्रफीत मोबाइलवरून गावोगाव पोचली. गुन्हा नोंदवला गेला, वर्तमानपत्रांत मथळे आले. मग नेहमीची चर्चा सुरू झाली. झाडीपट्टीच्या संस्कृतीला काळिमा फासला गेला, मंडईचे पावित्र्य बिघडले, तरुण पिढी वाया चालली, पोलीस काय करीत होते! ही सारी चर्चा बघणाऱ्यांची होती. ज्या नाचल्या त्या कोण होत्या, कुठून आल्या होत्या, काय ठरवून आल्या होत्या, ऐनवेळी त्यांना काय करायला सांगितले गेले, पैसे पुरते मिळाले का, रात्री त्या कुठे राहिल्या, हे प्रश्न निदान आमच्या वाचनात तरी कुठे आले नाहीत.

आपल्या भाषेत दोन क्रियापदे आहेत. एक ‘नाचणे’, दुसरे ‘नाचवणे’. एका ‘व’ चा फरक. पण बाईच्या नाचाबद्दल बोलताना हा एक ‘व’ विचारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. ती नाचली की तिला नाचवली? आणि नाचवली असेल तर कोणी? आयोजकाने, पोटाने, जातीने, की समोर बसलेल्या गर्दीने?

कायदाही हा प्रश्न विचारत नाही. सार्वजनिक जागी अश्लील कृत्य करण्याबद्दलचे कलम भारतीय दंड विधानात २९४ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते २९६ झाले. आकडा बदलला, आशय तोच. कृत्य अश्लील असावे आणि त्याने ‘इतरांना’ त्रास झालेला असावा. म्हणजे कायद्याच्या लेखी दुखावलेला माणूस हा बघणारा आहे. नाचणारी दुखावली गेली असेल, ही शक्यताच या कलमात नाही. उलट तीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहू शकते. ज्या डोळ्यांनी तिकीट काढून पाहिले तेच डोळे दुसऱ्या दिवशी फिर्यादी होऊ शकतात!

आपल्या भागातली परंपरा काय सांगते? दिवाळीतल्या बलिप्रतिपदेनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, पाहुणेरावळे, लेकीबाळी माहेरी आलेल्या, आणि रात्री दंडार, खडी गंमत, नाटक. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी या लोककलांची आणि झाडीबोलीची मोलाची नोंद केली आहे. गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा चारही जिल्ह्यांना आनंद झाला, तो रास्तच होता. पण या परंपरेत बाई कुठे होती? दंडारीत आणि खडी गमतीत बाईचे सोंग वर्षानुवर्षे पुरुषानेच घेतले. लुगडे नेसून, पदर घेऊन, बाईसारखे मुरडून. बाईने कसे चालावे, कसे लाजावे, कसे भांडावे हे पुरुषाने ठरवले आणि पुरुषाने करून दाखवले. खरी बाई समोर, बायांच्या बाजूला, पोराला मांडीवर घेऊन बसलेली. पुढे नाटकांत स्त्रिया काम करू लागल्या. आज वडशाच्या नाट्यमंडळ्या हंगामभर रात्री प्रयोग आणि पहाटे पुढचा मुक्काम असा प्रवास करतात, त्यात अनेक स्त्री-कलावंत आहेत. त्या स्टेजवर आल्या, पण नाटक कोणते, कपडे कोणते, नाच कुठे घालायचा आणि किती वेळ, हे ठरवण्याच्या जागी किती आल्या?

पश्चिम महाराष्ट्रातल्या तमाशाची गोष्ट वेगळी. तिथे बाई फडावर आली, पण कोणती बाई? महार, मांग, कोल्हाटी घरातली. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून जिचे नाव घेतात ती पवळाबाई हिवरगावकर महार समाजातली. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतिपदक मिळाले. प्रयोग चालू असताना बाळंत होऊन त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकिकत आपण सगळ्यांनी ऐकली आहे, आणि सांगणारा नेहमी कौतुकाने सांगतो. पण बाळंतपणाच्या दिवशीही तिला नाचावे का लागले, असे सांगणारा विचारत नाही. २००२ साली त्या वारल्या, शेवटचे दिवस पैशाच्या विवंचनेत गेले. आता शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते.

शर्मिला रेगे यांनी १९९५ मध्ये लावणी कलावंत स्त्रियांवर लिहिले, तेव्हा त्यांनी दाखवले की लावणीकडे नुसती ‘लोककला’ म्हणून बघता येत नाही. कोणत्या जातीच्या बाईचे शरीर कोणासाठी खुले मानले गेले, याचा तो इतिहास आहे. शैलजा पैक यांनी ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ या २०२२ च्या पुस्तकात हाच धागा पुढे नेला. अश्लील, अस्सल आणि माणुसकी या आपल्याच तीन शब्दांभोवती त्यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांचे जगणे मांडले. जिला अश्लील म्हणायचे तिच्याच कलेला अस्सल मराठी म्हणून मिरवायचे, आणि तिची माणुसकी मात्र मान्य करायची नाही, हा आपला जुना व्यवहार.

म्हणूनच ‘नाचणे हा स्त्रीचा हक्क आहे’ एवढे म्हणून आपले काम भागत नाही. पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेले तमाशाचे पैसे बाबासाहेबांनी नाकारले, ही हकिकत आंबेडकरी घरांत आजही सांगितली जाते. आपल्या बायांना नाचवून मिळवलेला पैसा चळवळीला नको, हा त्यामागचा अर्थ. ज्या समाजातल्या बायांवर नाच लादला गेला, त्या समाजाला नाच सोडणे हीच मुक्ती वाटली तर त्यात नवल नाही. २००५ साली राज्य सरकारने डान्स बारवर बंदी आणली तेव्हा आपल्या चळवळीत याच प्रश्नावर फूट पडली. काही संघटनांनी बारबालांच्या रोजगाराच्या हक्कासाठी कोर्टात धाव घेतली. काही दलित कार्यकर्त्या म्हणाल्या, जातीने लादलेल्या धंद्याला तुम्ही हक्क म्हणता काय? बंदीतून तारांकित हॉटेले आणि क्लब वगळले होते, म्हणजे श्रीमंतापुढचा नाच कला आणि गरिबापुढचा नाच गुन्हा! २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी रद्द ठरवली. सरकारने नवा कायदा केला, त्यातल्याही अनेक अटी जानेवारी २०१९ मध्ये कोर्टाने काढून टाकल्या. खटला संपला, आपल्यातला वाद मात्र अर्धाच राहिला. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे होते, म्हणूनच तो वाद सोडून देता येत नाही.

या कोंडीत आम्हांला अमेरिकेतल्या काळ्या स्त्रियांच्या नृत्याकडे बघावेसे वाटले. नाते जुने आहे. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. १९७२ च्या दलित पँथरने नाव घेतले ते तिथल्या ब्लॅक पँथरवरून. पण आपण तिथल्या पुरुषांचे लढे जितके वाचले तितके तिथल्या बायांच्या शरीराचे काय झाले ते वाचले नाही.

सुरुवात दक्षिण आफ्रिकेच्या सारा बार्टमनपासून करावी लागते. १८१० साली तिला लंडनला नेले आणि तिचे नितंब बघायला तिकीट लावले. गुलामीविरोधी मंडळींनी कोर्टात दावा केला. तेव्हा तिची जबानी आली, की ती स्वखुशीने आली आहे आणि उत्पन्नात तिचा वाटा आहे. दावा निकालात निघाला, प्रदर्शन चालूच राहिले. १८१५ साली ती पॅरिसमध्ये वारली. मेल्यावर शास्त्रज्ञांनी तिचे शरीर कापले, आणि तिचे अवशेष विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तिथल्या संग्रहालयात मांडून ठेवलेले होते. २००२ मध्ये ते मायदेशी आले आणि ९ ऑगस्टला, तिथल्या महिला दिनी, तिला माती मिळाली. ‘स्वखुशीने आली’ हे वाक्य नीट लक्षात ठेवा. परक्या देशात, परक्या भाषेत, मालकाच्या दारात उभ्या बाईने दिलेला होकार कागदावर किती पक्का दिसतो! मंडईच्या आयोजकालाही विचारा, तोही हेच सांगेल.

आता दुसरे टोक बघा. जावोले विला जो झोलर या काळ्या नृत्यकर्तीने १९८४ मध्ये न्यूयॉर्कला ‘अर्बन बुश विमेन’ हा नृत्यसंघ काढला. १९९५ सालच्या त्यांच्या ‘बॅटी मूव्ह्ज’ या रचनेचा विषयच काळ्या बायांचे नितंब. सारा बार्टमनच्या शरीराचा जो भाग तिकीट लावून दाखवला, बॅले शिकवणाऱ्यांनी जो आत ओढून लपवायला सांगितला, तोच या बाया मोकळेपणाने, हसतखिदळत, जोरकसपणे हलवतात. शरीराचा भाग तोच, हालचालही कदाचित फार वेगळी नाही. मग फरक कशात? फरक त्या एका ‘व’ मध्ये. एकीला दाखवले, दुसऱ्या दाखवतात. नाच त्यांनी रचला, संघ त्यांचा, नाव त्यांचे, आणि नको त्या क्षणी थांबण्याचा अधिकारही त्यांचा.

या दोन टोकांच्या मध्ये पर्ल प्रायमस उभी आहे. १९१९ साली त्रिनिदादमध्ये जन्मलेली, न्यूयॉर्कमध्ये वाढलेली. जीवशास्त्राची पदवी घेतली, पण काळ्या मुलीला प्रयोगशाळेत नोकरी मिळेना, तेव्हा ती नाचाकडे आली. १९४४ च्या उन्हाळ्यात ती दक्षिणेकडच्या कुळांमध्ये जाऊन राहिली, त्यांच्याबरोबर कापूस वेचला. ज्या शरीरांबद्दल नाचायचे ती शरीरे दिवसभर काय करतात हे तिला आपल्या पाठीने समजून घ्यायचे होते. त्याच्या आदल्या वर्षी तिने ‘स्ट्रेंज फ्रूट’ नावाचे नृत्य केले होते. विषय होता जमावाने काळ्या माणसाला झाडाला लटकवून मारणे. पण तिने मेलेला माणूस दाखवला नाही, मारणाराही दाखवला नाही. तिने दाखवली गर्दीतून सर्वांत शेवटी निघणारी एक बाई, जी बघत उभी होती, आणि आपण काय पाहिले हे आता जिच्या अंगात उतरते आहे.

भंडारा जिल्ह्यातल्या वाचक मैत्रिणींना पुढचे वाक्य आम्ही लिहिण्याआधीच सुचले असेल. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियंका आणि सुधीर व रोशन ही मुले, अशा चौघांना जमावाने ठार मारले. १९५४ साली बाबासाहेबांनी ज्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली, त्याच जिल्ह्यात. २००८ मध्ये आठ जण दोषी ठरले, पण जातीय अत्याचाराचा कायदा लागू झाला नाही आणि त्या दोघी स्त्रियांच्या विटंबनेचा आरोपही कोर्टात टिकला नाही. त्या गर्दीत गावातल्या बायाही होत्या, असे सत्यशोधन अहवालांनी नोंदवले. आपण मोर्चे काढले, निवेदने दिली. पण पर्ल प्रायमसने १९४३ साली जो प्रश्न अंगाने विचारला तो आपण शब्दांनीही धड विचारला नाही. बघत उभ्या राहिलेल्या बाईचे काय?

खैरलांजी आणि मंडईतला हंगामा एकच, असे आम्ही म्हणत नाही. एकीकडे खून आहे, दुसरीकडे करमणूक. पण दोन्हीकडे गर्दी आहे, आणि दोन्हीकडे असा एक समज आहे की अमुक बाईच्या शरीराचे काय करायचे ते गर्दी ठरवू शकते. ‘तसल्या बाया’ हा शब्द दोन्हीकडे चालतो. तो आपल्या तोंडूनही निघतो. अश्लील नाचाविरुद्ध निवेदने लिहिताना आपण बेधडक लिहितो, ‘अशा नर्तकींमुळे समाज बिघडतो.’ निवेदन आयोजकाविरुद्ध, आणि शिवी मात्र तिला.

आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आपल्या चळवळीने बाईच्या आवाजाला जागा दिली, शरीराला तितकी दिली नाही. ज्योती म्हापसेकरांचे ‘मुलगी झाली हो’ १९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेने रंगमंचावर आणले, त्यानंतर गावोगाव पथनाट्ये झाली, गाणी झाली, हजारो बाया बोलत्या झाल्या. नाच मात्र आपण बाहेरच ठेवला. तो ‘त्यांचा’ होता, आपल्याला लाज वाटत होती. शिबिरात झिम्मा-फुगडी घालतो, पण ती जेवणानंतरची गंमत म्हणून.

आपल्या शरीरांना सांगायला काही नाही का? भंडारा हा धानाचा जिल्हा. पावसाळ्यात रोवण्याच्या दिवसांत बांधीतल्या चिखलात बाया दिवसभर कमरेत वाकून, एकेक पाऊल मागे टाकत पऱ्हे लावतात. रोवणा संपला तरी कंबर तो विसरत नाही. बिडी वळणारीची मान, खांदे आणि बोटांची पेरे बघा. या हालचालींचा कोणी नाच केला आहे काय? अमेरिकेत आल्विन एली या काळ्या नृत्यकाराने १९७१ मध्ये आपल्या आईच्या वाढदिवसानिमित्त ‘क्राय’ नावाचे नृत्य रचले आणि ते जगातल्या सर्व काळ्या स्त्रियांना, विशेषतः आयांना, अर्पण केले. ज्युडिथ जेमिसन ते एकटी नाचली, हातात एक लांब पांढरे कापड घेऊन. त्या कापडाने ती जमीन पुसते, तेच अंगाभोवती घेते. दुसऱ्यांच्या घरी काम करणाऱ्या आईचा सगळा जन्म एका फडक्यात. हे फडके आपल्या ओळखीचे नाही काय? कमरेला खोचलेल्या लुगड्याच्या ओच्यात, घाम पुसणाऱ्या पदरात तेच नाही काय? फरक एवढाच, की तिथे काळ्या आईचा घाम रंगमंचावर मध्यभागी आला. आपल्याकडे सावळी पोर अजून ‘गोरी वधू पाहिजे’ ची जाहिरात वाचते आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे. नाचावर बंदी नको आणि ‘कला आहे, चालू द्या’ हेही नको. प्रत्येक कार्यक्रमाला एकच कसोटी लावा. नाचणारीच्या हाती काय आहे? काय नाचायचे, कोणत्या कपड्यांत, किती वेळ, किती पैशांत, आणि ‘आता बस’ म्हणायचे की नाही, यातले तिने काय ठरवले? यातले काहीच तिच्या हाती नसेल तर अंगभर कपड्यांतला नाचही नाचवणेच आहे.

ही कसोटी गावात लावता येते. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणे कायद्यानेच सांगितले आहे. दिवाळीआधीच्या सभेत मंडई समितीला बोलवा आणि विचारा, स्त्री-कलावंतांशी लेखी करार झाला आहे का? मानधन आधी मिळणार का? कपडे बदलायला बंद खोली, शौचालय, रात्रीचा निवारा, परतीची गाडी यांची सोय काय? स्टेजवर चढून नोटा उधळणाऱ्यांना कोण अडवणार? कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा असंघटित क्षेत्रातल्या स्त्रियांनाही लागू आहे, आणि त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असायला हवी. नाटकमंडळीतली नटी आणि हंगाम्यातली नर्तकी याही काम करणाऱ्या बाया आहेत. समितीचा पत्ता आणि फोन रंगमंचामागे लावायला सांगा. प्रयोगानंतर त्यांना जाऊन भेटा. जेवलीस का, एवढे विचारले तरी सुरुवात होते.

आणि मंडईची एक रात्र, निदान एक तास, गावातल्या बायांसाठी मागून घ्या. रोवण्याचा, बिडीचा, धुण्याभांड्यांचा नाच बसवा. चुकला तरी चालेल, लोक हसले तरी चालेल. बाईचे सोंग आजवर पुरुषाने घेतले, तेव्हाही लोक हसलेच होते.

नाच सोडून आलेल्या मैत्रिणींनी, आजही नाचणाऱ्यांनी आणि नाचाचे नाव काढताच ज्यांना राग येतो त्यांनीही आम्हांला जरूर लिहावे. २००५ चा वाद आपल्याला पुरा करायचा आहे. तोपर्यंत निवेदन लिहिताना एक काळजी घ्या. ‘नर्तकींमुळे’ असे लिहिण्यापूर्वी हात थांबवा आणि त्यांना कोणी नाचवले त्याचे नाव आधी लिहा.